पिवळ्या पेटीतला फोन

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. मराठी टायपिंग सुनेकडून शिकलो, चुका पोटात घाला.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी रिटायर्ड वायरमन. बत्तीस वर्षं खांबावर चढलो. अमावस्येला चढलो, स्मशानाला लागून असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर चढलो, भूत काही भेटलं नाही. आम्हाला भीती एकाच गोष्टीची – बंद म्हणून सांगितलेली लाईन चालू निघण्याची. सर्किट पूर्ण असेल तर दिवा लागतो. नसेल तर देव खाली आला तरी लागत नाही. माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच.

दुसरं म्हणजे, हा अनुभव वाचून तुम्हाला भीती वाटणार नाही. माझा राग येईल. आला तर बराबरच आहे, शिव्या दिल्या तरी मी उलट उत्तर देणार नाही.

जागा सांगतो. गावाचं नाव तेवढं विचारू नका, शरम वाटते. वाशिमकडून हिंगोलीकडं येताना कनेरगाव नाका मागं पडला की थोड्या अंतरावर टेकडी फोडून चौपदरी रस्ता काढलाय. फोड संपते तिथं डाव्या हाताला माझं चार एकर रान. त्या पट्ट्यात कोणत्याच मोबाईलला रेंज नाही. रेंज पाहिजे तर टेकडीवरच्या माळावर जावं लागतं, पायी दहा मिनिटं, मोटरसायकलनं तीन. म्हणूनच बहुतेक तिथं ती पिवळी पेटी बसवलेली. तुम्ही हायवेवर पाहिली असेल – खांबावर एसओएस लिहिलेलं, वर सोलरची पाटी, मधी एक बटण. गाडी बंद पडली, ॲक्सिडेंट झाला की बटण दाबायचं, थेट कंट्रोल रूमशी बोलणं होतं. आमची पेटी अगदी माझ्या बांधाला लागून होती.

आता चोरी सांगतो. फिरवून फिरवून सांगण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी रोह्यांनी आणि डुकरांनी पार वैताग आणला होता. रोही म्हणजे नीलगाय. एका रात्रीत अर्धा एकर सोयाबीन सपाट. मी रानाभोवती तार ओढून झटका मशीन लावलं होतं. त्यात जनावर मरत नाही, हलका झटका बसतो नि पळून जातं. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत मशीनची बॅटरी बसली. बारा व्होल्टची बॅटरी, हिंगोलीत कुठंही मिळते, घ्यायची ऐपत पण होती… आळस म्हणा. आणि डोळ्यासमोर ती पेटी. आत तसलीच बॅटरी, हे मला न उघडता माहीत. दोन वर्षांत तिचा उपयोग करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. महिन्याला एक गाडी यायची तपासायला, आतला माणूस काच खाली करायचा, पेटीकडं बघायचा, निघून जायचा.

एका सकाळी रस्ता मोकळा बघून चार पेंच काढले. बॅटरी उचलली. सोलरकडून येणाऱ्या वायरी नि फोनकडं जाणाऱ्या वायरी, सगळ्यांच्या टोकांना वेगवेगळी टेप मारली, झाकण पुन्हा बराबर बसवलं. बत्तीस वर्षांचा हात, कोणाच्या बापाला कळलं नसतं. ज्या माणसानं नोकरीभर आकडे टाकणाऱ्यांना पकडलं, "लाईट चोरता, लाज न्हाई वाटत?" म्हणून गावोगाव भाषणं दिली, तो हा माणूस. बायकोला सांगितलं, ओळखीच्यानं जुनी दिली. स्वतःला सांगितलं, सोयाबीन निघालं की परत लावू. सोयाबीन निघालं. मग तूर होती.

डिसेंबरातली गोष्ट. सोमवार होता, दुपारचे दीड वाजले असतील. तूर डोक्याच्या वर गेली होती, आत उभा माणूस रस्त्यावरून दिसत नाही. मी तारेला लागलेल्या फांद्या छाटत होतो. तेवढ्यात एक जुनी व्हॅन धूर सोडत फोडीतून आली आणि पेटीच्या थोडी अलीकडं बंद पडली. नवरा-बायको दोघंच. नंतर कळलं, वाशिमकडच्या एका खेड्यातले, औंढ्याला दर्शनाला निघाले होते. गजानन नाव त्याचं, पिठाची गिरणी चालवायचा. ती सुनीता.

गाडी रस्त्याच्या मधोमध नको म्हणून त्यानं एकट्यानं ढकलत कडेला आणली. गिरणीवाला माणूस, अंगापिंडानं धिप्पाड. गाडी कडेला लागली आणि तो चाकाला टेकून खाली बसला. छातीवर हात. मग हळूहळू आडवा झाला.

ती बाई मोबाईल वर धरून इकडं पळाली, तिकडं पळाली. रेंज कुठली मिळायला! गाड्यांना हात केले. दोन ट्रक हॉर्न वाजवत गेले, एक कार जरा हळू झाली नि पुन्हा निघाली. मग तिला पेटी दिसली. धावत आली आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मुठीनं मारायला लागली.

"हॅलो! हॅलो! कोनी हाये का? आवो, बोला ना कोनीतरी!"

मंडळी, त्या बटणामागं काय आहे आणि काय नाही, हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी तिच्यापासून चाळीस पावलांवर.

मी काय काय करू शकलो असतो, ते पाठ झालंय मला. ओरडू शकलो असतो. मोटरसायकल बांधावर उभी होती, माळावर जाऊन तीन मिनिटांत फोन लावू शकलो असतो, पेटीचा विषयसुद्धा निघाला नसता. काहीच नाही तर घोटभर पाणी घेऊन जाऊ शकलो असतो. आणि मी काय केलं? मी बॅटरीकडं गेलो.

कारण डोक्यात एकच – आता कोणीतरी थांबणार, पेट्रोलिंगची गाडी येणार, ही बाई सांगणार की पेटी बंद आहे, ते पेटी उघडणार, आणि वीस पावलांवर माझ्या झटका मशीनखाली त्यांचा नंबर टाकलेली बॅटरी. गाव काय म्हणेल? वायरमन चोर निघाला! माणूस तिकडं मरून राहिला आणि मी माझी इज्जत वाचवून राहिलो होतो. गुडघ्यावर बसून क्लॅम्प काढले. एक क्लॅम्प गंजला होता, तो वीस-पंचवीस मिनिटं निघेना, तर मला त्याच्यावर राग आला. त्या बाईच्या ओरडण्याचा पण राग आला, हेही लिहून टाकतो.

बॅटरी छातीशी धरली आणि वाकून वाकून जुन्या विहिरीकडं निघालो, आत टाकायला. अर्ध्या वाटेत असताना पेटी बोलली.

आधी टूँ… टूँ… अशी रिंग. मग पोरीचा आवाज, खणखणीत – "नमस्कार, हायवे हेल्पलाईन, बोला."

मी जागीच थिजलो. बॅटरी माझ्या हातात. दहा-बारा किलोचं वजन, दंडाला रग लागली होती, म्हणजे स्वप्न नव्हतं.

तुरीतून वळून पाहिलं. सुनीता पेटीपासून दोन पावलं मागं सरकली होती, तोंडावर हात ठेवून. ती एक शब्द बोलली नव्हती. तरी पेटीतली पोरगी बोलत होती, मधी मधी थांबत, समोरच्याचं ऐकून घेत असल्यासारखी.

"हो काका, ऐकू येतंय… छातीत दुखतंय का त्यांना?… शुद्धीवर आहेत का?… काका, रडू नका, शांतपणे सांगा… तुमचं नाव काय?… तुम्ही कुठं उभे आहात?… बरं, बरं. ॲम्ब्युलन्स निघाली, तिथंच थांबा."

खट्ट. बंद.

समोरच्याचा आवाज काही मला ऐकू आला नाही. त्या बाईला पण नाही.

बारा-पंधरा मिनिटांत पेट्रोलिंगची गाडी आली, मागोमाग ॲम्ब्युलन्स. गजाननला उचलून आत घातलं. पेट्रोलिंगवाल्यांतला एक जण माझ्या रानाकडं तोंड करून ओरडला, "काका! ओ काका! कुठंय तुम्ही?" मी तुरीत खाली बसलो. बॅटरी मांडीवर घेऊन. सगळे जाईपर्यंत बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी पेट्रोलिंगची गाडी माझ्या दारात. मी चहा पीत होतो, कप खाली ठेवला. म्हटलं, संपलं.

"बबन वायरमन तुमीच ना?"

"व्हय…"

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "काका, तुमच्यामुळं मानूस वाचला! नाव सांगून फोन केला आन् गुपचूप निघून गेलात, पुढं पुढं केलं न्हाई. आजकाल असं कोन करतं?"

मी म्हणालो, "तसं काही न्हाई हो." त्याला तो मोठेपणा वाटला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिचा चेहरा असा फुलला होता की मला पुढं बोलवेना. जाता जाता तो म्हणाला, "त्या पेटीची बॅटरी मात्र चोरीला गेली पाहा. फोन झाल्यावरच कोनीतरी काढली. लोक कसे ऱ्हातात!"

"व्हय ना," मी म्हणालो, "लोक लई वाईट."

जीभ झडली नाही माझी.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला, टोलनाक्याशेजारी मांडव टाकून. माझा सत्कार ठेवला. नाही म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. आजारी पडलोय म्हणून सांगता आलं असतं. पण अर्धं गाव जीप करून आलं होतं, बायकोनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. मी पांढरी टोपी घालून गेलो. शाल, नारळ, हार. आणि मग माईकवाला म्हणाला, "आता आपण ऐकूया, वायरमन काकांनी केलेला तो फोन."

स्पीकरवर लावला. माझा आवाज.

मिमिक्री नाही, सारखा नाही, माझाच. सबस्टेशनला फोन लावला की मी कायम जशी सुरुवात करायचो, तश्शी.

"वायरमन बोलतो. बबन वायरमन. गाडी बंद पडली हाय, मानूस आडवा झालाय, घामानं भिजलाय. बाई एकटी हाय. लवकर या…" मग रडणं. हुंदके देऊन. "पाया पडतो, लवकर या." आणि ती पोरगी विचारते, तुम्ही कुठं उभे आहात? तर म्हणतो, "तुरीत. तुरीत उभा हाय."

मांडवात लोक हसले, कौतुकानं. टाळ्या पडल्या. बायको पदरानं डोळे पुसत होती. मी जन्मात कोणाला पाया पडतो म्हणालो नाही, साहेबालासुद्धा नाही. बाप गेला तेव्हा पण लोकांसमोर रडलो नव्हतो. मी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

सुनीता आली होती तिथं. ती टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडं बघत होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली. म्हणाली, "मले भाऊ न्हाई. भाऊबीजेला येत जा." एवढंच बोलली.

त्यानंतर मी एकदा खरं बोलायचा प्रयत्न केला, म्हणजे केल्यासारखा केला. त्या बॅटरीला विहिरीत टाकायचं धाडस झालं नव्हतं, ती पोत्यात घालून हायवेच्या ऑफिसात घेऊन गेलो. साहेबाला म्हणालो, "ही तुमची. मी काढली होती. फोन यायच्या चार महिने आधी." साहेब हसायला लागला. "काका, बॅटरी नव्हती तर फोन कसा आला? रेकॉर्ड आहे आमच्याकडे, त्याच पेटीचं. कोणीतरी नंतर काढून तुमच्या रानात टाकली असेल, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. वय झालं." चहा पाजून बाहेर काढलं मला. अजून दोनदा तेच सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. उलट जीपमध्ये बसल्यावर हलकं वाटलं, मोठी पीडा टळली म्हणून.

वायरमन म्हणून डोकं लढवलं ते पण सांगतो. पेटीत थोडा चार्ज शिल्लक असेल म्हणावं, तर तो मिनिटं टिकतो, महिने नाही. सोलरवरून डायरेक्ट चाललं असेल म्हणावं, तर वायरी कापून टेप मारलेल्या. नवी बॅटरी बसवणाऱ्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं. टेपा जशाच्या तशा होत्या. आणि समजा कुठून तरी करंट आला… आवाज कुठून आला? तुरीत उभ्या असलेल्या माणसाचं तोंड तर बंद होतं.

पहिल्या भाऊबीजेला गेलो. गजानन ओसरीवर खाटेवर बसलेला. एवढा धिप्पाड गडी, पार निम्मा झालेला. गिरणी भाड्यानं दिली होती, पिठाचा डबा उचलला तरी धाप लागते म्हणाला. "डॉक्टर म्हने, अर्धा घंटा आधी आनलं असतं तर इतकं झालं नसतं. पन जीव वाचला तुमच्यापायी." मला त्या अर्ध्या तासाचा हिशेब ठाऊक होता. तरी गप पाटावर बसलो, टिळा लावून घेतला, ओवाळून घेतलं. लाडू पण खाल्ला.

वर्षभर झोप नाही. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा.

दुसऱ्या भाऊबीजेला सुनीतानं ताट आणलं, निरांजन लावलं, बोट कुंकवात बुडवलं. मी तिचा हात धरून थांबवला आणि सगळं सांगून टाकलं. इथं लिहिलंय त्यापेक्षा वाईट पद्धतीनं, उलटंपालटं, मधी मधी अडकत. क्लॅम्प निघेना ते पण सांगितलं. तिच्या ओरडण्याचा राग आला ते पण.

तिनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "मले माहीत हाये भाऊ. म्या पाह्यलं होतं तुमाले. तुरीच्या फटीतून दिसले, वाकून चालले होते, छातीशी काहीतरी धरून. रेकॉर्ड लागलं मांडवात, तवाच वळखलं मी, ह्या मानसानं फोन केला न्हाई म्हून."

मला वाटलं जमीन फाटावी. म्हणालो, "मग कोणाला सांगितलं काहून न्हाई? आन् वरून भाऊ काहून म्हणलीस मला?"

"तुमी सांगान म्हून. मांगच्या साली वाट पाह्यली, तर तुमी लाडू खाऊन गेले."

गजानन खाटेवरून आम्हा दोघांकडं बघत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "मंग फोन कोनी केला?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो. "खरंच सांगतो, मला माहीत न्हाई."

त्यानं सुनीताकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तिलाही माहीत नव्हतं. तो मला शिवी देईल, उठून थोबाडीत मारेल असं वाटत होतं. मला ते चाललं असतं. पण त्याच्यात तेवढी ताकद राहिली नव्हती आणि ती का राहिली नाही, हे त्याला आत्ताच कळलं होतं. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

सुनीतानं बोटाचं कुंकू पदराला पुसलं. ताट उचललं. "यंदा ओवाळत न्हाई मी," म्हणाली. "सैपाक झाला हाये, जेवून जा."

जेवलो. तिनं दोनदा वाढलं, मी दोनदा घेतलं. पुढच्या साली या असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.